भाडेकरार, रोबो आणि ‘नातं’ नावाचा रकाना

मराठी विज्ञानकथेत आजवर बरेच पाहुणे येऊन गेले. परग्रहावरून संदेश आले, यंत्रमानव आले, काळाच्या उलट्या दिशेने गेलेले शास्त्रज्ञही आले. पण पिंपरी-चिंचवडच्या डांगे चौकाच्या आसपास वन-आरके शोधत फिरणारे आणि मालकाला ‘आम्ही मावसभाऊ’ असं सांगणारे दोघे त्या भविष्यात सहसा भेटत नाहीत. मराठीतलं क्विअर लेखन पाहावं, तर विजय तेंडुलकरांचं १९८१ सालचं नाटक ‘मित्राची गोष्ट’, बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’, सचिन कुंडलकर यांची २००६ मधली ‘कोबाल्ट ब्ल्यू’, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन, दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’मधल्या कविता, हे सगळं काल आणि आज यांच्यात राहिलं. साहजिकच आहे. वर्तमानातच पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे २०८० सालची चौकशी कोण करणार?

हे दोन्ही प्रवाह एकत्र आणायची ज्यांना इच्छा आहे, आणि जे थेरगाव, काळेवाडी, वाकड, चाकण अशा पट्ट्यात राहून, शिफ्ट सांभाळून लिहितात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स, तृतीयपंथी आणि यांतल्या कुठल्याच खणात न मावणाऱ्या सगळ्यांना मी इथे क्विअर म्हणतो आहे.

सुरुवात पात्रापासून करू नका, नियमापासून करा. अंतराळयानाची नेहमीची गोष्ट घ्यायची आणि कॅप्टनला मैत्रिणीऐवजी मित्र द्यायचा, एवढ्याने काही घडत नाही. यान तेच, युद्ध तेच, फक्त एका फोटोतला माणूस बदलला. समाज चालवणारा एखादा छोटा, कंटाळवाणा, कागदी नियम उचला आणि तो थोडासा सरकवून बघा. नियम जितका क्षुल्लक, तितकी गोष्ट खोल जाते असं मला वाटतं.

असे नियम शोधायला लांब जावं लागत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने विवाहाचा प्रश्न संसदेवर सोडला. मग २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले समजावं. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही, हेही सांगितलं. म्हणजे गहू-तांदळापुरतं दोघांचं घर एक आणि लग्नापुरतं मात्र नाही. हे एखाद्या कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने ‘जरा जास्तच ताणलंय’ असा शेरा मारला असता.

आता हाच धागा इथल्या सोसायटीच्या गेटवर आणा. आज वॉचमन अ‍ॅपवर नोंद करतो: पाहुणा, डिलिव्हरी, कामवाल्या मावशी. २०५५ मध्ये ही नोंद माणूस करत नाही, गेट स्वतः करतं. कोण किती तास आत राहिलं, कुणाची चाल कुणाबरोबर जुळते, रात्री कोणत्या खोलीतला दिवा आधी बंद होतो, यावरून ते रहिवाशांचं नातं ठरवतं आणि रजिस्टरमध्ये भरतं. आपले ‘मावसभाऊ’ एका सकाळी ‘जोडीदार’ म्हणून नोटीस बोर्डावर झळकतात. पण त्याच यादीत चेअरमन आणि त्यांच्या पत्नी यांच्यापुढे ‘तात्पुरते सहनिवासी’ असं आलेलं असतं. नियम सगळ्यांना सारखाच लागू केला की गोष्टीतली करुणा आणि विनोद दोन्ही आपोआप वर येतात. कोर्टात कोण जाईल? मावसभाऊ की चेअरमन? मी लिहिली असती तर चेअरमनना पाठवलं असतं.

ही पद्धत परकी नाही. जयंत नारळीकर नेमकं हेच करत. एक वैज्ञानिक बदल घ्यायचा आणि त्याचे परिणाम इमानाने शेवटपर्यंत न्यायचे. त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ पुन्हा काढून वाचा. त्यात माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो, डावं ते उजवं होतं. वाचून झाल्यावर नारळीकरांना त्या कथेत विचारायची गरज नव्हती असे प्रश्न तुम्ही विचारा. सही उलटी झालेला माणूस बँकेत काय दाखवेल? गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला गेलेला बघून आई त्याला ओळखेल का? ओळखूनही नाकारेल का? मार्कशीटवर एक नाव आणि आधारकार्डावर दुसरं नाव घेऊन जी व्यक्ती एचआरच्या टेबलासमोर उभी राहिली आहे, तिच्या हाती ही कथा गेली तर ती गणितापेक्षा याच जागी थांबेल. तिथून तुमची कथा सुरू होऊ शकते. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांना आदरांजली म्हणून कथा लिहायचीच असेल तर त्यांच्यासारखं लिहू नका, त्यांनी सोडलेल्या प्रश्नावर लिहा.

वाचायचं काय आणि उचलायचं काय

जगात या प्रकारचं लेखन आता एवढं आहे की यादी द्यायची म्हटलं तर अंक पुरणार नाही. त्यामुळे मोजकंच सांगतो, तेही लेखकाच्या कामाचं.

उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ १९६९ ची. त्या ग्रहावर कुणीही कायमचं बाई किंवा पुरुष नसतं; महिन्यातले काही दिवस शरीर कोणत्याही एका बाजूला झुकतं आणि कुणालाही दिवस जाऊ शकतात. एवढा एक बदल केला आणि राज्यकारभार, रजा, मत्सर, वारसा सगळं नव्याने लिहावं लागलं. गंमत म्हणजे ले ग्विन यांनी या सगळ्यांसाठी इंग्रजीतलं पुरुषवाचक सर्वनाम वापरलं, त्यावर टीका झाली, आणि पुढे स्वतः त्यांनीही आपलं मत बदलत नेलं. २०१३ मध्ये अ‍ॅन लेकी यांनी ‘अ‍ॅन्सिलरी जस्टिस’मध्ये उलटं केलं आणि सरसकट सगळ्यांना स्त्रीवाचक सर्वनाम लावलं.

चाकणला वेल्ड शॉपमध्ये काम करणाऱ्यांनी अ‍ॅनली न्यूइट्झ यांची ‘ऑटोनॉमस’ (२०१७) जरूर मिळवावी. त्यात पॅलाडिन नावाचा लष्करी रोबो आहे आणि त्याच्याबरोबर काम करणारा माणूस आहे. माणसाला त्या यंत्राची ओढ वाटू लागते आणि मग ते यंत्र ‘तो’ आहे की ‘ती’ हे त्याला ठरवून हवं असतं. यंत्राला मात्र तो प्रश्नच पडलेला नसतो. कादंबरीचा दुसरा धागा औषधांच्या चोरट्या नकलांचा आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सरकारी कारखान्यातलं स्वस्त पेनिसिलिन देशभर गेलं. त्या शहरातल्या लेखकाला औषध कुणाच्या मालकीचं हा विषय बाहेरून आणायची गरज नाही. संप्रेरकांच्या गोळ्या सरकारी कारखान्यात बनतात आणि शिधापत्रिकेवर मिळतात असं भविष्य घ्या. रेशनच्या रांगेत कोण कोण उभं असेल, याची नुसती यादी केली तरी पात्रं मिळतील.

आणि आपल्याकडे एक सोय फुकट आहे. वेल्डिंग लाइनवरचं तेच धूड मराठीत तो रोबो असतं, ती मशीन असतं आणि ते यंत्रही असतं. पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर त्याला ‘तो’ म्हणतो, नाइटवाला ‘ती’ म्हणतो, मेंटेनन्सच्या वहीत ‘ते’ आहे. शिफ्ट बदलताना यंत्राच्या वागण्यातही फरक पडू लागला तर? इंग्रजी लेखकाला हे सुचलं तरी लिहिता येणार नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांतल्या पुस्तकांपैकी या पट्ट्याला सर्वांत जवळचं मला ‘मेटल फ्रॉम हेवन’ वाटतं. ऑगस्ट क्लार्क यांची ही कादंबरी २०२४ ची. तिच्यात एक नवा चमत्कारिक धातू आहे, त्यावर सगळा उद्योग उभा आहे, आणि तो गाळणाऱ्या कामगारांच्या पोरांना त्या धातूचाच आजार जडतो. कारखान्यात संप होतो, गोळ्या चालतात, एक मुलगी वाचते आणि सूड घ्यायला निघते. तिचं बायकांवरचं प्रेम कादंबरीत कुणाला समजावून सांगितलेलं नाही. ते धातूसारखंच गृहीत आहे. भाषा अवघड आहे, पहिली पन्नास पानं दम काढतात. तरी वाचा, कारण कामगारवर्ग आणि क्विअर हे दोन वेगळे विषय असतात हा गैरसमज ती कायमचा घालवते. आपल्याकडे ठेकेदारी कामगाराची गोष्ट एक जण लिहितो आणि समलिंगी प्रेमाची दुसरा, आणि दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं बहुधा कोथरूडला राहतात.

तैवानचे ची ता-वेई यांची ‘द मेम्ब्रेन्स’ छोटी आहे. २१०० साल, समुद्राखालचं शहर आणि त्यात त्वचेची निगा राखणारी मोमो. ती ग्राहकांच्या अंगावर असा एक पातळ थर चढवते की त्यात त्यांचे स्पर्श साठून राहतात. पुस्तक १९९०च्या दशकाच्या मध्यावर चिनी भाषेत आलं. इंग्रजीत यायला २०२१ उजाडलं. त्या देशात समलिंगी विवाह कायदेशीर झाला तो २०१९ मध्ये, पुस्तकानंतर दोन दशकांनी. लेखकाने आधी आपल्या भाषेतल्या वाचकांसाठी लिहिलं, कायद्याची वाट पाहिली नाही. थेरगावच्या एखाद्या गल्लीतल्या ब्यूटी पार्लरमध्ये असा थर मिळू लागला तर काय होईल, हा प्रश्न तुमच्यासाठी मोकळा आहे.

शेजारच्या श्रीलंकेतले वज्र चंद्रसेकेरा (‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’, २०२३), आपल्याकडचे इंद्र दास (‘द डिव्हावरर्स’) आणि गौतम भाटिया (‘द वॉल’, २०२०) वाचले की दक्षिण आशियाई घर, जात, धर्म, सरकारी कचेरी यांच्यासह हे लेखन कसं करता येतं ते दिसतं. थोडं हलकंफुलकं हवं असेल तर मकाना यामामोटो यांची ‘हमाजँग लक’ (२०२५) घ्या. अंतराळस्थानकावरची चोरी आहे, त्यात हवाईची बोली आहे, आणि बहिणीच्या पोरांची काळजीही आहे. पुस्तकं महाग पडत असतील तर ‘स्ट्रेंज होरायझन्स’, ‘अनकॅनी’, ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या मासिकांतल्या कथा मोबाइलवर फुकट वाचता येतात. कंपनीच्या बसमध्ये एक कथा सहज संपते.

‘गेलो’ आणि ‘गेले’

मराठीत लिहिताना खरी कसोटी व्याकरणाची लागते. ‘मी गेलो’ म्हटलं की पुरुष, ‘मी गेले’ म्हटलं की बाई. ले ग्विनसारखं पात्र मराठीत आणायचं तर दुसऱ्या वाक्यालाच क्रियापद चुगली करतं. अनेक जण इथेच हात टेकतात. पण जरा बारकाईने पाहिलं तर वाटा भरपूर आहेत.

सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो. ‘मी चहा केला’, ‘मी दार उघडलं’, ‘मी पंचिंग केलं’ यांतून बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. ‘मला भूक लागली’, ‘माझ्या लक्षात आलं’ यांतूनही नाही. भविष्यकाळ तर पूर्ण मोकळा आहे: ‘मी येईन’, ‘मी सांगेन’, ‘मी येणार आहे’. ‘आम्ही गेलो’ हे बाया-पुरुष दोघांचं. समोरच्याला ‘तू गेलास’ किंवा ‘गेलीस’ म्हणावं लागतं, पण ‘तुम्ही गेलात’ म्हटलं की प्रश्न मिटतो. भूतकाळात अडचण उरते ती येणं, जाणं, बसणं, झोपणं, दमणं अशा अकर्मकांची, आणि म्हणणं, विसरणं, शिकणं अशा काही हट्टी सकर्मकांची. ‘मी दमलो’ ऐवजी ‘अंगात त्राण उरलं नाही’, ‘मी विसरले’ ऐवजी ‘ध्यानातून गेलं’ असं फिरवून घ्यावं लागतं. प्रथमपुरुषी निवेदनात एक पूर्ण पान असं लिहून बघा. भाषा अवघडल्यासारखी वाटू लागली तर वाक्यं तोडा, कृती जास्त ठेवा आणि ये-जा कमी ठेवा. पात्र एका जागी बसून काम करणारं असेल तर निम्मं ओझं उतरतं. सीसीटीव्हीच्या खोलीतला निवेदक यासाठी उत्तम.

बोलीही मदत करतात. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे एकेका मजल्यावर बीड, लातूर, सोलापूर, सातारा, बुलढाणा असे सगळे राहतात. पात्राची बोली नीट निवडली तर लिंग लपवायला युक्त्याच कराव्या लागणार नाहीत. एक सावधगिरी मात्र हवी. माणसाबद्दल ‘ते आलं’, ‘ते बसलं’ असं नपुंसकलिंगी बोलणं आपल्याकडे टिंगलीसाठी वापरलं जातं. ज्यांना ते ऐकावं लागलं आहे त्यांनी तो शब्दप्रयोग आपला करून घेतला तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या लेखकाने सहज म्हणून तो वापरू नये. आदरार्थी ‘ते आले’ पुष्कळांना चालतं. ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांना विचारलेलं बरं.

विरहिणी लिहिणारे ज्ञानेश्वर, विठ्ठलाला माउली म्हणणारे सगळे वारकरी, नेवाशाचा मोहिनीराज, अर्धनारीनटेश्वर अशी उदाहरणं द्यायचा मोह होईल. द्या, पण जपून. ‘हे आपल्याकडे आधीपासून होतं’ एवढंच सिद्ध करून कथा संपत असेल तर तो लेख झाला, कथा नाही.

पवनेचा फेस

थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्यावर पवना नदी पांढऱ्या फेसाने भरलेली दिसते, त्याच्या बातम्याही होतात. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हे दृश्य आयतं मिळालेलं आहे, आणि धोकाही इथेच आहे. सांडपाण्यातल्या रसायनांमुळे गावातली माणसं ‘बदलली’, अशी कथा चुकूनही लिहू नका. क्विअर असणं हा अपघात, विषाणू किंवा प्रदूषणाचा परिणाम म्हणून दाखवणाऱ्या कथा वाचकाच्या मनातली जुनी भीती नव्या शब्दांत परत देतात. परग्रहवासी म्हणजे समलिंगी हे रूपकही आता जुनं झालं. थिओडोर स्टर्जन यांनी १९५३ मध्ये ‘द वर्ल्ड वेल लॉस्ट’ लिहिली तेव्हा अमेरिकेत सरळ बोलायची सोय नव्हती, त्यांना परग्रहावरची जोडी आणावी लागली. तुम्हाला ती अडचण नाही. शेवटी प्रेमी जीव मरतातच, ही सवयही सोडा.

फेस वेगळ्या तऱ्हेने वापरता येईल. २०१७ मध्ये न्यूझीलंडने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. पवनेला तसा दर्जा मिळाला असं धरा. व्यक्ती म्हटली की अर्ज आला आणि अर्जात लिंगाचा रकाना आला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याने ओळखप्रमाणपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं. नदीच्या बाजूने तो अर्ज घेऊन कचेरीत कोण जाईल? पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. त्या पथकातली, आता निवृत्तीला आलेली एखादी मार्शल या अर्जाची पालक असेल तर तिला रांगा, शिक्के, ‘उद्या या’ हे सगळं तोंडपाठ असणार. नदी तिच्याकडून कचेरीत टिकून राहायला शिकते. यात एकही यान नाही, तरी ही अस्सल विज्ञानकथा आहे.

लिहून झाल्यावर एकदा स्थळांची तपासणी करा. थेरगाव मोठं झालं असलं तरी अजून गावासारखं ओळखतं. सोळा नंबर स्टॉपवर रोज सव्वासहाला चढणारा, अमक्या कंपनीच्या पेंट शॉपमधला, डाव्या भुवईवर खूण असलेला असं लिहिलंत तर शेजारचा वाचक त्या माणसाला नावानिशी ओळखेल. जागा खरी ठेवा, माणूस मिसळून तयार करा. स्वतःचा अनुभव नसेल तर हस्तलिखित त्या अनुभवातल्या व्यक्तीला वाचायला द्या आणि त्या वेळेचे पैसे द्या. पुण्यात २००२ मध्ये सुरू झालेल्या समपथिक ट्रस्टसारख्या संस्थांची पुस्तकं आधी वाचा. कुणाला पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेबद्दल विचारू नका.

कथा पाठवायला दिवाळी अंक आहेतच. ‘नवल’, ‘धनंजय’ यांच्याकडे अद्भुत आणि विज्ञानाची परंपरा आहे, आणि मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथेची स्पर्धा घेत आली आहे. दिवाळीचं साहित्य पावसाळ्यातच हातावेगळं झालेलं असतं, म्हणून गणपतीनंतर पाठवलेली कथा पुढच्या वर्षावर जाते. नकार आला तर तो कथेला आहे की विषयाला, हे संपादकाला फोन करून शांतपणे विचारावं. उत्तर बहुधा मिळतं.

घरी किंवा कंपनीत अजून सांगितलेलं नसेल तर टोपणनाव घ्या, त्यात कमीपणा काही नाही. १९७४ मध्ये परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली तेव्हा लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ते घेतलं होतं. अ‍ॅलिस शेल्डन यांनी अनेक वर्षं जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने लिहिलं, आणि ही शैली पुरुषाचीच, असं जाणकार छातीठोकपणे सांगत राहिले. आपल्या कायद्यातही टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या साहित्याला प्रकाशनापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क आहे. संपादकाला खरं नाव एका वेगळ्या पत्रात कळवा, ते छापू नये असं त्यातच स्पष्ट लिहा, आणि मानधन कोणत्या नावाच्या खात्यात जमा करायचं तेही त्याच पत्रात द्या.